दीड घंटी

"कुठं जायचं?"

मास्तरांनी मला पहिल्यांदा विचारलं ते हेच. माझं पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले, आमच्या ह्यांच्या डोक्यावर गादीची वळकटी, आन् आम्ही दोघं गंगापूर रोडच्या मागच्या गल्ल्यांत सकाळपासून रूम शोधत फिरत होतो. एका फाटकात एक म्हातारा लोखंडी खुर्ची टाकून बसलेला. अंगात जुना खाकी शर्ट, बाह्या वर केलेल्या, आन् हातात एक पकडीसारखा चिमटा, तो नुसताच टक टक वाजवत होता. मला वाटलं वॉचमन असंल. मी म्हणलं, "बाबा, इथं रूम हाय म्हणून कळलं."

"ते राहू दे. कुठं जायचं?"

आता रूम शोधणारा माणूस कुठं जाणार. ऊन डोक्यात गेलं होतं, कुठंतरी खाली बसावं एवढंच वाटत होतं. मी म्हणलं, "इथंच."

चिमटा थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोटाकडं, मग वळकटीकडं.

"इथंच का," म्हणे. "मग बस. सीट नंबर चार खाली हाय."

अशी आम्हाला रूम मिळाली. जात विचारली नाय, गाव विचारलं नाय, आमच्या ह्यांना कंपनीत परमनंट हायस का टेम्परवारी तेपण विचारलं नाय. नंतर शेजारच्या वहिनींनी सांगितलं का ते सगळ्यांनाच तसं विचारतात, दूधवाल्याला, पोस्टमनला, फाटकातून कुत्रं आत शिरलं तर त्यालापण. उत्तर दिलं का माणूस त्यांच्या गाडीत बसला.

मास्तर म्हणजे शाळेतले नाय, लाल गाडीतले. आमच्याकडं एस्टीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. पेठचा घाट, त्र्यंबक, घोटी, सगळीकडं त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली. रिटायर होऊन लय वर्षं झाली होती, बायको वारलेली, लेक त्र्यंबकला दिलेली, आन् ह्या सहा खोल्या बांधून ते फाटकात बसायचे. पण गाडीतून काय ते उतरले नव्हते. खोल्यांना सीट म्हणायचे. आंगणाला स्टँड म्हणायचे. मोरी सगळ्यांची एकच, तिला डेपो म्हणायचे, कारण गाडी धुतात ती डेपोत. मोरीत कोणी जास्त वेळ लावला तर बाहेरून ओरडायचे, "गाडी किती वेळ डेपोत? बाकीच्यांचा टाइम चुकतोय."

तो चिमटा पूर्वीच्या तिकिटाला भोक पाडायचा. आता मशीनमधून तिकीट निघतं, पण ह्यांनी आपला चिमटा सोडला नाय. चालताना टक टक, बसल्यावर टक टक, विचारात असले तर जोरात टक टक. माझी छकुली झाली आन् आम्ही तिला घरी आणली, तर फाटकातच आडवे आले, तिच्या पायापाशी हवेत एकदा चिमटा दाबला, म्हणे, "झालं. हिचं तिकीट पंच झालं. शाळेत जाईपर्यंत फुकट."

आन् घंटी. खोल्यांच्या पत्र्याखालून एक दोरी गेलेली, मास्तरांच्या खुर्चीपासून पार सहाव्या खोलीपर्यंत, आन् मधी एक पितळेची घंटी टांगलेली. जुन्या गाडीत कशी छताला दोरी असायची, कंडक्टरनं ओढली का ड्रायव्हरच्या कानापाशी वाजायची, तीच ही, भंगारातून आणलेली. एक टिंग म्हणजे थांब. टिंग टिंग म्हणजे चल. नळाला पाणी आलं का टिंग टिंग, सगळ्या बाया हंडे घेऊन बाहेर. पाणी जायला लागलं का टिंग, बस करा. पोरांनी खेळात दोरी ओढली तर मात्र मास्तर लाल व्हायचे. म्हणायचे, "चुकीच्या घंटीनं माणूस चाकाखाली जातो. घंटी म्हणजे खेळणं नाय."

एकदा मी, आमचे हे आन् छकुली त्र्यंबकला दर्शनाला निघालो तर मास्तरपण लेकीकडं निघाले. गाडीत अर्ध्या सीटा रिकाम्या. मास्तर बसले नाय. दाराजवळ दांड्याला टेकून उभे. कंडक्टर कोवळा पोरगा होता, तो म्हणे, "बाबा, बसा की, जागा हाय."

"मला बसता येत नाय," मास्तर म्हणे. "गुडघे वळत नाय गाडीत."

पुढच्या थांब्यावर बाया चढल्या, टोपल्या घेऊन, तर मास्तरांच्या तोंडातून आपोआपच, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय." बाया सरकल्या. एक आजी तर पिशवीतून सुट्टे काढून ह्यांच्याच हातात द्यायला लागली. तो पोरगा मशीन घेऊन तसाच बघत उभा. मास्तरांनी आजीला त्याच्याकडं वळवलं आन् पोराला हळूच म्हणे, "आवाज वाढव रे. मास्तर बोलला नाय तर गाडीत कोणी हालत नाय."

आता मास्तर जास्त करून लेकीकडंच राहतात. खुर्ची तिथंच हाय, तिच्यावर कोणी बसत नाय. पण मी सांगत होते ते वेगळंच.

मी दवाखान्यात वॉर्डमावशी हाय. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, उठता येत नाय त्याला भांडं द्यायचं, धरून बसवायचं. छकुली पालथी पडायला लागली तेव्हा कामाला लागले, आन् ती रांगायला लागली तोपर्यंत ते कोरोना आलं. आन् आमचाच वॉर्ड त्याला दिला.

मी लय भित्री हाय. आत्ताची नाय, लहानपणापासून. घोटीकडं आमच्या गावाला भाताची आवणी करायला चिखलात उतरायचं तर मी आधी काठीनं ढवळून बघायचे साप हाय का. आठवीत शाळा सोडली तीपण गणिताच्या सरांच्या भ्यानं. आन् अशा बाईला त्या वॉर्डात जायचं. ते पांढरं किट घातलं का आतून नुसती चूल. चष्म्यावर वाफ धरायची, पाणी प्यायचं नाय, बाहेर जायचं नाय, आन् दुपार झाली का छकुलीच्या दुधाची वेळ व्हायची, अंगावरचं दूध आपोआप यायचं, आतला गाऊन भिजायचा, आन् घाम कुठला दूध कुठलं मला कळायचं नाय. तशीच फरशी पुसायचे. आमच्या सिस्टर लय खमक्या. आत जायच्या आधी माझ्याभोवती फिरून किटची प्रत्येक चेन, प्रत्येक पट्टी ओढून बघायच्या, म्हणायच्या, "घाबरतेस ते बरंय. घाबरणाऱ्याचा मास्क नाकाखाली येत नाही."

राहायची सोय केली होती दवाखान्यानं, राहायचं तर राहा म्हणले. पण अंगावर पिणारं लेकरू सोडून मी कशी राहू. सिस्टरांना विचारलं तर म्हणल्या, स्वच्छ आंघोळ कर, हात धू, मास्क लाव आणि पाज. पण त्या लेकराजवळ जायच्या आधी आंगण होतं, पाच घरची माणसं होती, आन् सगळ्यांची मिळून एकच मोरी.

पहिल्या दिवशी वॉर्डातून आले आन् फाटकाच्या बाहेरच उभी राहिले. आतून छकुली रडत होती, चौथ्या खोलीतून, मला तिचा आवाज लगेच कळतो. आंगणात पोरं खेळत होती, वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या. आत जावं तर ह्या सगळ्यांना लागंल, आन् मागं जावं तर कुठं.

"कुठं जायचं?" मास्तर.

मला रडायलाच आलं. मी म्हणलं, "मास्तर, मला भ्या वाटतंय. मी काम सोडते."

ते खुर्चीतून उठले नाय. लांबूनच म्हणे, "ऐक. घाटात रात्रीची गाडी असली का मी गाडीत बघायचो सगळ्यात जास्त कोण भितंय. त्याला पुढची सीट द्यायची, ड्रायव्हरच्या मागची. शूर माणूस झोपून जातो. भित्रा झोपत नाय, ड्रायव्हरलापण झोपू देत नाय. तू भितेस ना? मग तुझी जागा तिथंच हाय, पुढं."

आन् हात वर करून त्यांनी दोरी ओढली. टिंग. एकच.

"सगळे आत," ओरडले. "पोरं उचला. दारं लावा. सीट नंबर चार डेपोत जातेय. पुढं सरका, मधी जागा... अरे नाय, आत सरका, आत."

दारं लागली. आंगण रिकामं झालं. मी भिंतीच्या कडंकडंनं मोरीत गेले, आंघोळ केली, कपडे साबणाच्या पाण्यात बुडवले, आमच्या ह्यांनी दारावर गाऊन टाकून ठेवलेला तो घातला. बाहेर आले तशी टिंग टिंग. दारं उघडली. छकुली माझ्याकडं झेपावली.

दुसऱ्या दिवसापासून मोरीच्या दाराशी बंब पेटलेला. म्हाताऱ्यानं कुठून तो पितळी बंब काढला, कुठून लाकडं आणली, आन् मी यायच्या वेळेला कढत पाणी तयार. एवढं पाणी मला बाळंतपणात मिळालं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवसांत सगळं जग भ्यालेलं, मीपण भ्यालेली, पण त्या मोरीत डोक्यावरून पहिला तांब्या ओतला का मला इतकं बरं वाटायचं का मी तिथं एकटीच हसायचे. आन् बाहेरून मास्तर, "डेपोत गाडी किती वेळ?"

छकुलीला तर असं झालं का घंटी म्हणजे आई. पहिली टिंग वाजली का आतून ओरडायला लागायची, आन् दुसऱ्या टिंग टिंगपर्यंत आमच्या ह्यांच्या मांडीवर टिकायची नाय.

मास्तर रोज सकाळी स्वतः जाऊन सहाही घरांचं दूध आन् भाजी आणायचे, बाकी कोणाला फाटकाबाहेर जाऊ द्यायचे नाय. मग आंगणात खडूनं गोल काढून प्रत्येकाला आपापल्या गोलात उभं करायचे. पण तोंडाला सवय उलटी. "पुढं सरका, पुढं सरका," असं म्हणून जायचे, सगळे पुढं सरकायचे, मग कपाळाला हात लावायचे, "मागं, मागं, लांब व्हा." वायरमन भाऊ, पहिल्या खोलीतला, तो मुद्दाम पुढं सरकायचा आन् म्हणायचा, "मास्तर, नक्की सांगा, सरकू का नको." मास्तर म्हणायचे, "आयुष्यभर माणसं कोंबली रे मी. आता मोकळी करायला सांगतात. जिभेला कळायला टाइम लागंल."

असं चाललं होतं. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका घरातून एकाला उचलून नेलं आन् तो परत आला नाय. त्या संध्याकाळी टिंग टिंग वाजल्यावर बाया बाहेर आल्या त्या पाण्याला नाय. मास्तरांच्या खुर्चीपाशी जमल्या, वायरमन भाऊपण. मी छकुलीला पाजत दाराआड बसलेली, सगळं ऐकायला येत होतं.

वहिनीच बोलल्या. त्या शिवणकाम करतात, तिसऱ्या खोलीत, आमची भिंत एकच. म्हणल्या, "मास्तर, माझ्या घरात सासू हाय, शुगरवाली. ही रोज त्या वॉर्डातून येते. मी रात्रभर भिंतीकडं बघत पडते. तिला सांगा दुसरीकडं राहा थोडे दिवस."

वायरमन भाऊ म्हणे, "आमचं तिच्याशी वाकडं नाय मास्तर. पण रोग काय ओळख ठेवतो का."

चिमटा जोरात वाजायला लागला. मग थांबला. मास्तर म्हणे, "हिचं तिकीट कुठवरचं हाय?"

त्यांची खुर्ची माझ्या दाराकडं वळल्याचा आवाज आला.

"मी विचारलं होतं हिला, पहिल्याच दिवशी. काय गं, सीट नंबर चार, काय सांगितलं होतंस, कुठं जायचं?"

छकुलीनं प्यायचं थांबवलं. मी म्हणलं, "इथंच."

"मोठ्यानं. मागं ऐकू गेलं नाय."

"इथंच म्हणले होते."

"ऐका," मास्तर म्हणे. "तिकीट इथलं हाय. घाटात गाडी बंद पडली, पाऊस लागला, काय पण झालं, मी तिकिटाचा माणूस मधी उतरवला नाय. आन् हिला तर इथंच जायचं होतं. इथं पोचलेल्याला मी उतरवू कुठं? पुढं स्टॉपच नाय."

वायरमन भाऊला हसू आलं. वहिनींना आलं नाय. त्या म्हणल्या, "हसण्यावारी नेऊ नका. माझ्या सासूला काय झालं तर तुमचा चिमटा कामाला येणार हाय का?"

चिमटा एकदाच वाजला, टक. मग हळू म्हणे, "नाय येणार. ते तुझं खरं हाय. म्हणून तर घंटी हाय."

"आन् तुम्हाला झोप लागली तर? तुम्ही आजारी पडले तर? मग कोण ओढणार दोरी?"

"पडलो तर बघू," मास्तर म्हणे.

मला वहिनींचा राग आला नाय, खरंच नाय. त्यांच्या जागी मी असते तर मीपण रात्रभर भिंतीकडं बघितलं असतं. पण त्या दिवसापासून फाटकाच्या जवळ आले का माझं लक्ष आधी कुलपाकडं जायचं. मला वाटायचं एक दिवस ते आतून लावलेलं असणार, आन् छकुली आत, मी बाहेर.

आन् मास्तर पडले.

मी वॉर्डात होते. स्ट्रेचर आलं, सिस्टर म्हणल्या चादर घे, मी चादर घेऊन गेले तर खाकी शर्ट. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मास्तर वर बघत होते, आन् आम्ही सगळ्या पांढऱ्या किटमधल्या, सारख्याच, त्यांना काय कळणार कोण कोण हाय. डोळ्यांत असं भ्या होतं का मला माझंच आठवलं. मी वाकून म्हणलं, "मास्तर, मी. सीट नंबर चार."

तेव्हा त्यांनी मान हलवली. हात चादरीच्या बाहेर काढला आन् दोन बोटं एकमेकांवर आपटली, चिमटा असल्यासारखी. मग मास्क वर उचलून काहीतरी बोलायला लागले. सिस्टर लगेच ओरडल्या, "आजोबा, मास्क काढायचा नाही." तरी तेवढ्यात त्यांचं निघालंच, "वहिनीला... पुढची सीट... दिली."

मला वाटलं तापात बडबडतायत. मी त्यांचे पाय चादरीत गुंडाळले आन् म्हणलं, "मास्तर, कुठं जायचं?"

"घरी," म्हणे, मास्कच्या आतून.

"मग बसा," मी म्हणलं. "गाडी जाईल बरोबर."

हे मी त्यांना म्हणलं खरं, पण माझी ड्यूटी संपली आन् किट उतरवलं, तेव्हा डोक्यात एकच. मास्तरांना कोणामुळं झालं? दुधाच्या रांगेत झालं का माझ्यामुळं झालं? सिस्टर म्हणल्या, ते कोणालाच सांगता येणार नाही, तू डोक्यात घेऊ नकोस. पण वहिनी काय म्हणतील, बाकीचे काय म्हणतील. मोबाइल बघितला तर बॅटरी मेलेली. तशीच चालत निघाले. रस्त्यावर माणूस नाय, दुकानं बंद, आन् मी मनातल्या मनात वहिनींशी बोलत चालले होते, त्यांनी असं म्हणलं तर मी असं म्हणीन, छकुलीला खिडकीतून तरी द्या म्हणीन, मी बाहेरच बसून पाजीन, आन् पुन्हा वाटायचं, कशाला देतील.

गल्लीत वळले. फाटक दिसलं. कुलूप नव्हतं. पण खुर्ची रिकामी होती.

मी बाहेरच थांबले, नेहमीच्या जागी. आत कोणी दिसंना. बंबाचा धूर मात्र येत होता. मी तशीच उभी, हाक मारावी का नाय ते कळंना, आन् तेवढ्यात घंटी वाजली.

टिंग टिंग.

दोन. म्हणजे चल. म्हणजे सगळा रस्ता मोकळा. सहाच्या सहा दारं उघडली. पोरं बाहेर, हंडे बाहेर, वायरमन भाऊ बनियनवर बाहेर, आन् आमचे हे छकुलीला घेऊन थेट फाटकाकडं, आन् मी तिथं वॉर्डातून आलेली, बिनआंघोळीची, दोन्ही हात पुढं करून मागं मागं जातेय, "नका, नका, येऊ नका."

तिसऱ्या खोलीच्या दारात वहिनी. दोरी धरलेली, चेहरा पांढरा. त्या ओरडायला लागल्या, "आत, आत, चुकली, चुकली माझी, आत जा सगळे, पुढं सरका, मधी जागा हाय." मास्तरांचं वाक्य मास्तरांसारखंच चुकीच्या जागी. कोणाला कळंना पुढं सरकू का आत जाऊ. एक पोरगं गोलात जाऊन उभं राहिलं. मग वायरमन भाऊनंच पोरांना काखेत मारून आत नेलं आन् दारं लागली.

मी मोरीत गेले. पाणी कढत होतं. तांब्या ओतला आन् मला हसू यायला लागलं, आन् रडूपण, ते दोन्ही त्या पाण्यात कळलं नाय.

नंतर वहिनींनी दाराआडून सांगितलं. सकाळी मास्तरांना दवाखान्याच्या गाडीत घालताना त्यांनी बाकी कोणाला नाय, वहिनींना बोलावलं. लांब उभं राहून म्हणले, घंटी तुझ्याकडं. वहिनी म्हणल्या, मला नको, मला लय भ्या वाटतं. तर मास्तर म्हणले, म्हणूनच तुला.

"आन् मी एकदाच ओढली गं," वहिनी म्हणल्या. "देवाशप्पथ एकदाच. पण हात थरथरला आन् दुसरी आपोआप वाजली."

पुढं रोज तेच. वहिनींचा हात थरथरायचा राहिला नाय. त्या घट्ट धरायच्या, दोन्ही हातांनी धरायच्या, पण पहिली टिंग व्हायची आन् तिच्या मागून दुसरी अर्धी, दबकी, टिंग-टिक्. मग वायरमन भाऊनंच नाव ठेवलं, दीड घंटी. एक म्हणजे पाणी गेलं, दोन म्हणजे चला, दीड म्हणजे चार नंबर आली, आत व्हा. पोरांनासुद्धा पाठ झालं. छकुली तर दीडलाच टाळ्या वाजवायची. बंब वहिनी पेटवायच्या. त्यांच्या सासूबाई आतून म्हणायच्या, "आली का गं ती? पाणी बघ तापलं का."

मी मास्तरांना वॉर्डात रोज सांगायचे. त्यांचा ऑक्सिजन हळूहळू कमी करत आणला होता, पालथं झोपवायचे, मी पाठ चोळून द्यायचे. पहिल्या दिवशीची दोन घंट्यांची गोष्ट सांगितली तर डोळे वटारले, म्हणे, "डबल मारली? माणूस गेला असता चाकाखाली." आन् हसायला लागले आन् खोकला आला आन् सिस्टर मला रागावल्या. दीडचं मात्र मी सांगितलं नाय. मला वाटलं चिडतील.

मग त्यांना सोडलं. माझी ड्यूटी संपायच्या वेळेलाच सोडलं, म्हणून आम्ही संगंच आलो, रिक्षात, ते मागं, मी पुढं ड्रायव्हरच्या बाजूला. वाळले होते. शर्ट अंगावर लोंबत होता. खिशात चिमटा होता, तो दवाखान्यात औषधाच्या पाण्यानं पुसून मीच परत दिलेला.

फाटकाशी उतरलो. आपल्याच घराच्या फाटकात मास्तर बाहेर थांबले. मी म्हणलं, "चला की." तर म्हणे, "घंटी झाली नाय."

आत खुर्ची होती, रिकामी, पुसून ठेवलेली. आंगणात खडूचे गोल नवीन काढलेले. तिसऱ्या खोलीच्या दारातून वहिनींनी आम्हाला बघितलं, हातातलं शिवण खाली टाकलं आन् दोरी धरली, दोन्ही हातांनी.

टिंग-टिक्.

दारं पटापट लागली. मास्तर हालले नाय. मान वाकडी करून ऐकत उभे राहिले, जसं काय गाडीच्या इंजनात काहीतरी वेगळं वाजतंय.

"हे काय होतं?" म्हणे.

मी तिसऱ्या खोलीच्या दाराकडं बोट केलं.

"मी चाळीत घंटी लावली ती एकची आन् दोनची. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. हे मधलं काय? मी थांबू का येऊ?"

तिसऱ्या खोलीचं दार थोडं उघडलं. पदर नाकावर धरून वहिनी म्हणल्या, "दीड हाय ती. दीड म्हणजे भ्या वाटतंय, पण या. आन् आता तिथं उभं राहू नका, पाणी गार होतंय."

मास्तरांनी खिशातून चिमटा काढला, फाटकापाशी हवेत एकदा दाबला, टक, आन् भिंतीच्या कडंकडंनं डेपोकडं निघाले.